भावाचे अपेंडिक्स काढावे की राहू द्यावे?

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा आहे. तो ऐरोली येथील एका आयटी कंपनीत रात्रपाळीला असतो आणि घणसोलीला दोन मित्रांसोबत भाड्याने राहतो. साधारण तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या बेंबीजवळ दुखू लागले, उलटी झाली आणि सकाळपर्यंत दुखणे उजव्या बाजूला खाली सरकले. मित्रांनी त्याला रुग्णालयात नेले. तेथे सीटी स्कॅन करून अपेंडिक्सला सूज असल्याचे निदान झाले. दोन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक दिल्यावर दुखणे उतरले आणि पुढच्या आठ दिवसांच्या गोळ्या लिहून देऊन त्याला घरी सोडले. पोट दुखायचे थांबल्यामुळे त्याने त्या गोळ्या मध्येच बंद केल्याचे मला आता कळले आहे.

तेथील सर्जन म्हणाले, ‘सध्या शस्त्रक्रिया न करताही चालेल, पण आत खडा आहे, त्यामुळे विचार करून ठेवा.’ ठाण्यातील दुसऱ्या सर्जननी अहवाल पाहून थेट तारीखच सुचवली. भावाने मला फिनलंडमधील एका संशोधनाची बातमी पाठवली असून, त्यात दहापैकी सहा जणांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागलीच नाही, असे म्हटले आहे. आमचे बाबा संगमेश्वरजवळ गावी असतात. अपेंडिक्स त्याच रात्री काढले नाही तर ते फुटते, असे त्यांचे ठाम मत आहे, कारण त्यांच्या ओळखीतील एकाचे तसेच झाले होते. गणपतीला भाऊ दहा दिवस गावी जाणार आहे, त्यामुळे घरात रोज यावरूनच वाद होतात. दोन तज्ज्ञ दोन गोष्टी सांगत असतील तर आम्ही कोणाचे ऐकावे? आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलाला उद्या असेच दुखले तर त्यालाही हाच नियम लागू होईल का? सीटी स्कॅनच्या अहवालाची प्रत सोबत पाठवत आहे.

— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर

तुमच्या भावाने पाठवलेली बातमी खरी आहे, परंतु ती त्याच्यासारख्या रुग्णाविषयीची नाही. तुम्ही अहवालाची प्रत पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या घरातील वादाचे उत्तर त्या अहवालातच आहे. अपेंडिक्सची जाडी 11 मिलिमीटर आहे, भोवतालच्या चरबीत सूज आहे, छिद्र पडल्याची किंवा पू साठल्याची चिन्हे नाहीत, असे त्यात लिहिले आहे. त्यानंतरच्या एका ओळीत अपेंडिक्सच्या मुखाशी 7 मिलिमीटरचा अपेंडिकोलिथ, म्हणजे टणक झालेला मळाचा खडा, असल्याची नोंद आहे. फिनलंडच्या ज्या संशोधनावर भावाची सगळी भिस्त आहे, त्यात असा खडा असलेल्या रुग्णांना घेतलेलेच नव्हते.

हे संशोधन ‘अपॅक’ या नावाने ओळखले जाते. फिनलंडमधील सहा रुग्णालयांत 18 ते 60 वर्षे वयाच्या 530 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्या गटाला तीन दिवस शिरेतून आणि पुढे सात दिवस गोळ्यांतून अँटिबायोटिक देण्यात आले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधांच्या गटातील 100 पैकी 27 जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली आणि 2018 मध्ये पाच वर्षांचा हिशेब आला तेव्हा हे प्रमाण 39 वर पोहोचले होते. म्हणजे ‘दहापैकी सहा जणांना शस्त्रक्रिया लागली नाही’ हे विधान आकड्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, आणि ज्यांना नंतर शस्त्रक्रिया लागली त्यांचेही उशिरामुळे गंभीर नुकसान झाल्याचे पहिल्या वर्षात आढळले नाही. शल्यचिकित्सेतील एक मोठी समजूत या कामाने बदलली, याविषयी मला नितांत आदर आहे. मात्र प्रत्येक रुग्णाचे सीटी स्कॅन आधी तपासले गेले आणि ज्यांच्या अपेंडिक्समध्ये खडा, छिद्र, गळू किंवा गाठीचा संशय होता त्यांना सुरुवातीलाच वगळण्यात आले, ही गोष्ट बातमीत सहसा येत नाही. तुमचा भाऊ त्या वेळी फिनलंडमध्ये असता, तर अहवालातील त्या एका ओळीमुळे त्याला या संशोधनात प्रवेश मिळाला नसता.

खड्याला एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायला हवे. अपेंडिक्स ही एका टोकाने बंद असलेली बारीक नळी असते आणि तिला मोठ्या आतड्यात उघडणारे एकच तोंड असते. मोरीच्या जाळीत काही अडकले की मागे पाणी तुंबते, तसे मुखाशी खडा बसला की आतील स्राव बाहेर पडू शकत नाही, दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना वाढायला आयती जागा मिळते. अँटिबायोटिकने जंतू मरतात आणि सूज उतरते, पण खडा विरघळत नाही. तो कधी आपोआप सरकून आतड्यात पडतो, तर कधी तेथेच बसून राहतो, आणि यापैकी काय घडले हे पोट दुखायचे थांबले एवढ्यावरून सांगता येत नाही.

खडा असलेल्यांचे पुढे काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील ‘कोडा’ नावाच्या संशोधनातून मिळते. त्यात 25 रुग्णालयांतील 1,552 प्रौढ रुग्ण होते आणि त्याचे पहिले निष्कर्ष 2020 मध्ये आले. संशोधकांनी खडा असलेल्यांना वगळले नाही आणि एकूण रुग्णांपैकी 27 टक्के लोकांना तो होता, म्हणून तुमच्या भावासाठी मी फिनलंडपेक्षा या संशोधनाचा आधार घेईन. औषधांच्या गटातील 100 पैकी 29 जणांना पहिल्या 90 दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागली. खडा नसलेल्यांत हे प्रमाण 25 होते, तर खडा असलेल्यांत 41. गुंतागुंतीच्या बाबतीत फरक आणखी ठळक होता. खडा असलेल्या रुग्णांत औषधांवर ठेवलेल्यांपैकी 100 मागे सुमारे 20 गुंतागुंती नोंदल्या गेल्या, तर थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे 4. खडा नसलेल्यांत मात्र दोन्ही उपचारांमधील गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे होते.

पुढच्या वर्षी याच संशोधकांनी अधिक काळाचा हिशेब दिला. औषधे घेतलेल्या सर्व रुग्णांपैकी 40 टक्क्यांना एका वर्षात, 46 टक्क्यांना दोन वर्षांत आणि तीन ते चार वर्षांपर्यंत 49 टक्क्यांना शस्त्रक्रिया लागली. याच माहितीतून तुमच्या भावाच्या बाजूची एक गोष्टही पुढे आली आणि ती त्याच्यापासून लपवणे योग्य होणार नाही. खड्यामुळे वाढलेला धोका मुख्यतः सुरुवातीच्या काही आठवड्यांत दिसला आणि तो काळ निभावून नेलेल्यांत खडा असलेले आणि नसलेले यांच्यातील फरक बराच कमी झाला. तुमच्या भावाचे तीन आठवडे शांतपणे गेले आहेत, म्हणजे सर्वांत अवघड काळाचा बराचसा भाग मागे पडला आहे. त्यामुळे रात्री झोप उडावी इतकी चिंता करण्याचे कारण नाही. तरीही पुढील तीन-चार वर्षांत हे दुखणे पुन्हा उद्भवण्याची आणि शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता लहान आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही, आणि तो प्रसंग कोणत्या रात्री, कोणत्या गावी येईल हे आपल्या हातात नाही.

आता तुमच्या बाबांविषयी. त्यांचे म्हणणे जुने आहे, पण निराधार नाही, आणि त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवा. बोस्टनमधील रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 मध्ये या आजाराचे नेमके वर्णन करून अपेंडिक्स लवकर काढण्याचा आग्रह धरला आणि न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये पोटातील ज्या बिंदूवर दाबल्यास सर्वाधिक दुखते तो दाखवून दिला. आजही सर्जन तपासताना त्याच जागी बोट ठेवतात. त्या काळात अँटिबायोटिक नव्हते आणि सीटी स्कॅनही नव्हते. पोट उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे आणि उशीर झालेला रुग्ण अनेकदा दगावत असे. म्हणून ‘निदान झाले की लगेच काढा’ हा नियम रूढ झाला आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्या असंख्य जीव वाचवले. बाबांच्या ओळखीतील ज्या गृहस्थांचे अपेंडिक्स फुटले, ते दुखणे अंगावर काढत घरीच राहिले होते की रुग्णालयात सलाइन चालू असताना फुटले, हे एकदा बाबांना विचारून पाहा. या दोन परिस्थितींत फार मोठे अंतर आहे.

‘त्याच रात्री’ या आग्रहाविषयीही अलीकडे चांगले संशोधन झाले आहे. फिनलंड आणि नॉर्वेतील 1,800 हून अधिक रुग्णांवरील अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतागुंत नसलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया आठ तासांच्या आत केली काय किंवा 24 तासांच्या आत केली काय, अपेंडिक्स फुटलेले आढळण्याचे प्रमाण अनुक्रमे 8 आणि 9 टक्के, म्हणजे व्यवहारात सारखेच राहिले. हे सर्व रुग्ण निदान होऊन, रुग्णालयाच्या देखरेखीखाली वाट पाहत होते, हे मात्र विसरू नये. फुटणारे अपेंडिक्स आणि केवळ सुजणारे अपेंडिक्स हे सुरुवातीपासूनच दोन वेगळ्या वाटांनी जाणारे आजार असावेत, असे आता अनेक संशोधक मानतात. त्यामुळे ‘आज सूज, उद्या हमखास फुटणार’ असे सरसकट म्हणता येत नाही.

दोन सर्जननी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या असे तुम्हाला वाटते. मला त्यात विरोध दिसत नाही. पहिल्यांनी खड्याचा उल्लेख करून ‘विचार करून ठेवा’ म्हटले आणि दुसऱ्यांनी तोच विचार पुढे नेऊन तारीख सुचवली. नातेवाईक मंडळी अशा वेळी ‘डॉक्टर पैशांसाठी कापतात’ असे चटकन म्हणतात, आणि या क्षेत्रात तसे प्रकार घडतच नाहीत असा माझा दावा नाही. परंतु या अहवालावर शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या सर्जनच्या हेतूवर मी संशय घेणार नाही.

येथे आणखी एक बाब तुमच्या भावाने विचारात घ्यावी. फिनलंडच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटातील गुंतागुंतींचे प्रमाण औषधांच्या गटापेक्षा बरेच जास्त दिसते आणि ‘शस्त्रक्रियाच धोकादायक’ असा अर्थ त्यातून काढला जातो. तेथे बहुतेक शस्त्रक्रिया पोटावर छेद घेऊन, जुन्या पद्धतीने केल्या होत्या. अमेरिकेच्या अभ्यासात 96 टक्के शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाल्या, आणि ठाणे-नवी मुंबईतही तुमच्या भावाला दुर्बिणीचीच शस्त्रक्रिया सुचवली जाईल. तीन लहान छिद्रे, एक-दोन दिवसांचा मुक्काम, आणि आठवडा-दोन आठवड्यांत बैठ्या कामावर परत, असा तिचा सामान्य क्रम असतो. भूल, जखमेतील संसर्ग आणि पुढे क्वचित आतडी चिकटणे हे धोके तिच्यातही आहेत. कामावरील गैरहजेरी पाहिली तर अमेरिकेच्या अभ्यासात औषधांच्या गटाने 90 दिवसांत सरासरी पाच दिवस गमावले आणि शस्त्रक्रियेच्या गटाने सुमारे नऊ. औषधांचा हा फायदा खरा आहे आणि ज्याच्या अपेंडिक्समध्ये खडा नाही, अशा तरुणाने तो घेतला तर मी त्याला अडवणार नाही.

आता अर्धवट सोडलेल्या गोळ्यांविषयी, कारण तुमच्या पत्रातील मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच आहे. भावाने ज्या संशोधनाचा आधार घेतला, त्यातील रुग्णांनी एकूण दहा दिवसांचा औषधक्रम घेतला होता. त्याने स्वतः मात्र तो मध्येच सोडला. उपचार अर्धा घ्यायचा आणि निष्कर्ष पूर्ण उपचाराचा सांगायचा, हे बरोबर नाही. शिवाय आपल्या देशात आतड्यातील ‘ई. कोलाय’ या जंतूंमध्ये नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकना दाद न देण्याचे प्रमाण युरोपच्या उत्तरेकडील देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे तेथील औषधे आणि तेथील यशाचे प्रमाण जसेच्या तसे येथे लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. कोणते औषध द्यायचे हे येथील सर्जनच ठरवतील. भावाने उरलेल्या गोळ्या आता स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नयेत आणि ‘पुढच्या वेळी कामाला येतील’ म्हणून घरात ठेवूही नयेत. गोळ्या कोणत्या दिवशी थांबवल्या हे सर्जनना स्पष्ट सांगावे, ओरडा बसेल या भीतीने लपवू नये.

आपल्याकडील आणखी एका शक्यतेचा उल्लेख आवश्यक आहे. लहान आणि मोठे आतडे जेथे जुळते, त्याच भागात पोटाचा क्षयरोग घर करतो आणि त्याची लक्षणे कधी कधी अपेंडिक्ससारखीच असतात. भावाचे वजन अलीकडे घटले आहे का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, घरात किंवा सोबत राहणाऱ्या मित्रांपैकी कोणाला क्षयरोग झाला होता का, हे विचारून घ्या. अँटिबायोटिकच्या काही प्रकारांनी क्षयाची लक्षणे काही काळ दबून राहतात आणि निदान लांबते. शस्त्रक्रिया झाल्यास काढलेले अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाते, तेव्हा क्षय किंवा क्वचित आढळणारी गाठ असेल तर ती कळते. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्या वयात अपेंडिक्समध्ये गाठ असण्याची शक्यता वाढते आणि औषधांनी बरे वाटले तरी पुढील तपासणी टाळू नये.

या सगळ्याचा विचार करून माझे मत असे आहे की तुमच्या भावाने दुर्बिणीची शस्त्रक्रिया नियोजन करून, दिवसाउजेडी आणि स्वतःच्या सोयीने करून घ्यावी. घाईघाईने आज रात्री दाखल होण्याची गरज नाही, पण हा निर्णय वर्षभर लांबणीवरही टाकू नये. गणपतीला किमान तीन-चार आठवडे असतील तर शस्त्रक्रिया त्याआधी करून घेणे मला अधिक योग्य वाटते, म्हणजे गावी जाईपर्यंत टाके भरलेले असतील आणि दहा दिवस कोणाच्या मनावर दडपण राहणार नाही. फक्त त्याने मखराचे लाकडी सामान आणि पाण्याच्या कळशा उचलू नयेत. निर्णय मात्र त्याचाच आहे. तो सज्ञान आहे, आणि सर्व माहिती ऐकून त्याने औषधांवर थांबायचे ठरवले तर तो वेडेपणा ठरत नाही. कोडामधील औषधे घेतलेल्या निम्म्या लोकांना तीन-चार वर्षांतही शस्त्रक्रिया लागली नव्हती. मला काळजी त्याच्या राहणीची वाटते. रात्रपाळी, घरचे कोणी जवळ नाही, दुखले तरी सकाळपर्यंत थांबून पाहण्याची सवय, अशा माणसासाठी ‘वाट पाहू’ हा पर्याय कागदावर दिसतो तितका सुरक्षित राहत नाही.

सर्जनना भेटताना त्याने तीन आठवड्यांपूर्वीच्या सीटी स्कॅनची सीडी, केवळ छापील अहवाल नव्हे, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. खडा अजून तेथेच आहे का हे पाहण्याची गरज आहे का, आणि असल्यास सोनोग्राफी पुरेल की पुन्हा सीटी करावे लागेल, हे विचारावे. सोनोग्राफीत अपेंडिक्स अनेकदा नीट दिसतच नाही आणि लहान खडा सुटू शकतो. दुसरीकडे तरुण वयात विनाकारण सीटीचे किरण घेणेही योग्य नाही, म्हणून हा निर्णय सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून घ्यावा. सूज ओसरल्यानंतर किती दिवसांनी शस्त्रक्रिया करणे त्यांना सोयीचे वाटते हेही विचारावे, कारण या बाबतीत प्रत्येक सर्जनचा अनुभव थोडा वेगळा असतो आणि त्यात चूक काही नाही.

खर्चाविषयी तुम्ही लिहिले नसले तरी तो प्रश्न येणारच. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर नियोजित शस्त्रक्रियेत कॅशलेसची मंजुरी आधीच घेता येते. मेडिक्लेम नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून या शस्त्रक्रियेसाठी लाभ मिळतो का ते विचारा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे महापालिकेचे आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय आहे, तेथील शल्यचिकित्सा विभागातही दाखवता येईल.

शस्त्रक्रिया होईपर्यंत, किंवा त्याने ती न करण्याचे ठरवल्यास पुढेही, काही गोष्टी पक्क्या ठरवून ठेवा. बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या कुशीत खाली सरकणारे दुखणे, खोकताना किंवा रिक्षा खड्ड्यात आदळताना त्याच जागी उठणारी कळ, भूक मरणे, उलटी, ताप, यांपैकी काही पुन्हा जाणवले तर त्याने खाणेपिणे थांबवून त्याच तासाला रुग्णालय गाठावे. पाळी संपण्याची वाट पाहू नये, दुचाकी स्वतः चालवू नये, कोणी सोबत नसेल तर 108 वर फोन करावा. जेथे सीटी स्कॅन, सर्जन आणि भूलतज्ज्ञ रात्रीही उपलब्ध असतात अशा रुग्णालयाचे नाव तिघाही मित्रांच्या मोबाइलमध्ये असू द्यावे. गावी जाण्यापूर्वी रत्नागिरी किंवा चिपळूणमध्ये अशी सोय नेमकी कोठे आहे याची चौकशी बाबांनी करून ठेवावी. बाबांना या प्रश्नात प्रत्यक्ष काही करायचे असेल तर हे काम त्यांच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. पोट अचानक दगडासारखे कडक झाले, किंवा तीव्र कळ एकाएकी थांबून थोड्या वेळाने सगळे पोट दुखू लागले, तर अपेंडिक्स फुटल्याची शक्यता असते आणि तेथे क्षणभरही थांबू नये. कळ थांबली म्हणून अनेक घरांत याच टप्प्यावर सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि त्यात जाणारे तास रुग्णाला महागात पडतात.

वेदनाशामक औषधांबद्दलची एक जुनी भीतीही दूर करतो. निदान होण्याआधी वेदनाशामक दिले तर लक्षणे झाकली जातात आणि डॉक्टर चुकतात, असे पूर्वी आम्हाला शिकवले जात असे. याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर, रुग्णालयात तपासणीच्या वेळी वेदनाशामक दिल्याने निदानातील चुका वाढत नाहीत, असे दिसून आले आहे. म्हणून इमर्जन्सी विभागात भाऊ कळवळत असेल तर वेदना कमी करणारे इंजेक्शन मागण्यात काही गैर नाही. घरीच गोळी घेऊन, बरे वाटले म्हणून पांघरूण ओढून झोपणे ही मात्र निराळी गोष्ट आहे आणि ती त्याने करू नये.

तुमच्या मुलाविषयीचा प्रश्न राहिला. मुलांना प्रौढांचे आकडे लावू नयेत. कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडन आणि सिंगापूर येथील 5 ते 16 वर्षांच्या 936 मुलांवरील अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात औषधांचा उपचार 34 टक्के मुलांत अपयशी ठरला, तर शस्त्रक्रियेच्या गटात अपयशाचे प्रमाण 7 टक्के होते, आणि औषधोपचार शस्त्रक्रियेच्या तोडीचा असल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही. औषधांवर ठेवलेल्या मुलांचेही जिवावर बेतणारे नुकसान झाले नाही, परंतु तीनपैकी एका मुलाच्या बाबतीत उपचार पुरे पडला नाही, हे आईवडिलांना आधी माहीत असले पाहिजे. लहान मुलांना कोठे दुखते ते नीट सांगता येत नाही आणि त्यांच्यात अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाणही प्रौढांपेक्षा जास्त असते. म्हणून मुलाचे पोट काही तास सलग दुखत राहिले, तो चालताना वाकून चालू लागला किंवा उडी मारायला नको म्हणू लागला, तर ओव्याचे पाणी किंवा हिंगाचा लेप देऊन रात्र काढू नका. त्याला मुलांवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन असलेल्या रुग्णालयात लगेच घेऊन जा.